कोचचा उजवा हात

कोच कधी काही फेकायचा नाही. साधा कागदाचा बोळासुद्धा नाही. ऑफिसात कचऱ्याची टोपली त्याच्या टेबलापासून चार पावलांवर होती, तरी हा गुडघ्यावर हात देऊन उठायचा, टोपलीपाशी जाऊन वाकायचा आणि देवापुढे फूल ठेवावं तसा बोळा आत ठेवायचा. गाडीची किल्ली मागितली तर आपण लांबूनच टाकतो आणि समोरचा झेलतो. कोच किल्ली घेऊन खोली ओलांडून यायचा, तळवा पुढे करायला लावायचा आणि त्यावर किल्ली ठेवायचा. दुसऱ्याने फेकलेलंही त्याला चालायचं नाही. एकदा स्टोअरमधल्या पठाणाने हातमोज्यांचं पुडकं त्याच्याकडे भिरकावलं. कोचने ते झेललं नाही. छातीला लागून ते खाली पडलं आणि हा खोलीबाहेर निघून गेला.

"ह्येका कोणी तरी करणी केलेली आसा, साहेब," आमचा ड्रायव्हर गावकर मला म्हणाला. गावकर कुडाळचा. त्याच्या हिशेबी जगात जे जे कळत नाही ते ते करणीच.

कोचला नाव होतं. व्हिसावर होतं, पगाराच्या यादीत होतं. पण त्या नावाने त्याला कोणीच हाक मारत नव्हतं. अमेरिकन होता, साठीच्या आसपासचा, दारातून येताना मान किंचित खाली घालावी लागेल इतका उंच. आधी काही वर्षं इथल्या, आखातातल्या अमेरिकन तळावर कंत्राटी नोकरी करत होता. ती संपल्यावर घरी परतण्याऐवजी आमच्या कंपनीत सेफ्टी मॅनेजर म्हणून आला. 'कोच' हे नावही तळावरूनच चिकटून आलं होतं. घरी कोण होतं म्हणून परतायचं, असं तो म्हणायचा.

आमची कंपनी इमारतींच्या देखभालीची. ऑफिस मुहर्रकच्या एका जुन्या गल्लीत, विमानतळाच्या इतक्या जवळ की विमान डोक्यावरून गेलं की फोनवरच्या माणसाला थांब म्हणावं लागायचं. कामं बहुतेक अमवाज आयलंड्सवरची, परदेशी लोकांच्या उंच इमारतींची. मी मूळचा कराडचा, काम एसीचं, म्हणजे चिलर, पंप, पाइप. माझी माणसं जिथे चढतील, उतरतील, वाकतील तिथे कोच मागे उभा असायचा. त्यामुळे आमची रोजची गाठ होती, आणि सुरुवातीला तरी रोजची कटकट होती.

त्याच्या तऱ्हा बऱ्याच होत्या. पार्किंगमधल्या पिवळ्या पट्ट्यांवर तो पाय ठेवायचा नाही, गुडघे दुखत असले तरी ओलांडून जायचा. शर्टाच्या खिशात सूर्यफुलाच्या बिया असायच्या. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून पाकीट आणायचा आणि दिवसभर चघळत टरफलं कागदी कपात टाकायचा. आमच्या लोकांना आधी ती सुपारीच वाटली होती. 'ॲक्सिडेंट' हा शब्द त्याच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "ॲक्सिडेंट असं काही नसतं," तो म्हणायचा. "कोणीतरी काहीतरी केलेलं असतं, आणि त्याचं नाव घ्यायचं नाही असं बाकीच्यांनी ठरवलेलं असतं."

रोज सकाळी कामाला सुरुवात होण्याआधी माणसं रांगेत उभी राहायची. कोच प्रत्येकाच्या हेल्मेटवर बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि विचारायचा, "घरी कोण आहे?" त्यांच्याकडे ही डोकं ठिकाणावर आहे का विचारायची थट्टा आहे म्हणे. आमच्या लोकांना ती थट्टा कळली नाही. त्यांनी सरळ उत्तरं द्यायला सुरुवात केली. कोणी म्हणायचा, बायको आणि दोन मुली. कोणी म्हणायचा, म्हातारे वडील. कोच पहिल्यांदा चक्रावला, पण त्याने कोणाला दुरुस्त केलं नाही. पुढे त्याला प्रत्येकाच्या घरचं तोंडपाठ झालं.

माने नावाचा एक फिटर होता, मंगळवेढ्याकडचा. लहान चणीचा, तिशीतला, सतत गुणगुणणारा. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं : "आय, बायकू आन् म्हस." म्हस म्हणजे काय ते मी कोचला सांगितल्यावर तो इतका हसला की डोळे पुसावे लागले. त्यानंतर मानेपुढे आला की टकटक करून तो एवढंच विचारायचा, "म्हस?" आणि माने म्हणायचा, "व्हेरी गुड, सर. मिल्क व्हेरी गुड."

तो खेळाडू होता हे मला कळलं ते एका शुक्रवारी, हमद टाउनमध्ये.

तिथे एका राउंडअबाउटच्या मागे मोकळी रेताड जागा आहे. सुट्टीच्या दिवशी आमची पोरं टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळायची. गावकर कोचला बळेच घेऊन आला. कोच खुर्चीत बसून बिया चघळत बघत होता. थोड्या वेळाने मला म्हणाला, "हे लोक चेंडू जमिनीवर का आपटतात? जमिनीने काय केलंय?"

मी त्याला टप्पा, स्पिन वगैरे समजावत होतो तेवढ्यात मानेने एक फटका मारला आणि चेंडू घरंगळत थेट कोचच्या पायाशी आला. सगळे ओरडायला लागले, "कोच, थ्रो! थ्रो!" कोचने चेंडू उचलला. हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. मग उठला आणि चालत निघाला. पीचवर माने आणि त्याचा जोडीदार धावत सुटले, एक, दोन, चार, मोजणाऱ्याचीही मोजणी चुकली. लोक पोट धरून हसत होते, शिट्ट्या मारत होते. कोच न थांबता, न धावता बोलरपर्यंत गेला आणि चेंडू त्याच्या हातात ठेवला. परत आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि उजवा हात थरथरत होता. थंडी वाजल्यासारखा, फक्त तेवढा एकच हात.

परतताना गाडीत मी त्याच्याशेजारी होतो. विचारायचं नव्हतं, पण विचारलं, "खांदा दुखावलाय का?"

"खांद्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "या हाताने मी पोट भरत होतो. मी पिचर होतो."

बेसबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. ते त्याने पुढच्या काही महिन्यांत, मुहर्रकच्या चहाच्या टपरीवर कडक चहा पिता पिता समजावलं. पिचर म्हणजे त्यांचा बोलर. फक्त तो धावत येत नाही आणि टप्पाही देत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहायचं आणि फलंदाजाच्या अंगाजवळून, पलीकडे बसलेल्या झेलणाऱ्याच्या हातमोज्यात चेंडू मारायचा. चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच कडक. आणि फलंदाजाला पायाला पॅड नाहीत की तोंडापुढे जाळी नाही, नुसतं हेल्मेट.

शाळा संपताच त्याला एका संघाने करारावर घेतलं होतं. वडील धान्याच्या कोठारावर कामाला होते. त्यांनी आपल्या जन्मात पाहिली नव्हती एवढी रक्कम पोराच्या हातात पडली. पण वरच्या संघात थेट कोणी जात नाही. खाली गावोगावचे लहान संघ असतात, एकाखाली एक. आपल्याकडे जिल्हा, मग रणजी, मग भारताचा संघ असतो, तसंच थोडंफार. फरक एवढाच की तिथे खालच्या पायरीवरही खेळ हीच नोकरी, आणि ती कधीही जाते. वर्षानुवर्षं त्याने बसमधून प्रवास केला. उजवा हात अंगाखाली येऊ नये म्हणून बसून झोपायचा. उजव्या हाताने त्याने कधी बॅग उचलली नाही, बाटलीचं बूच उघडलं नाही, कोणाशी हातमिळवणी केली तरी बोटं सैल सोडायचा. "बायको म्हणायची, तू लग्न माझ्याशी केलंस, पण संसार या हाताशी करतोस," तो म्हणाला. "खरं होतं ते."

त्या संघांमधली एक रीत त्याने सांगितली होती. मॅनेजरने खोलीत बोलावलं आणि दार उघडंच ठेवलं, तर ओरडा बसणार. दार लावून घेतलं, तर खेळ संपला, सामान भरायचं. त्याच्याबरोबर राहिलेली पोरं एकेक करून त्या बंद दाराआडून बाहेर आली आणि घरी गेली. कोणी बापाच्या गॅरेजमध्ये लागला, कोणी पोलिसात गेला. एका दुपारी मॅनेजरने यालाही बोलावलं आणि दार लावलं. "मी खुर्ची ओढली," कोच म्हणाला. "मी म्हटलं, बसू का? तो म्हणाला, बसतोस कशाला, विमान चुकेल. तुला वर बोलावलंय."

वर तो एकच उन्हाळा खेळला. त्या उन्हाळ्याबद्दल बोलताना मात्र त्याचा चेहरा उजळायचा. चाळीस हजार माणसं एकदम गप्प होतात तेव्हा कसा आवाज येतो, हे तो मला टपरीवर डोळे मिटून सांगायचा. आईने घरी टीव्हीपुढे सगळी गल्ली जमवली होती. पहिला फलंदाज बाद झाला तेव्हा तिने शेजारणीचा हात इतका दाबला की शेजारणीच्या बोटातली अंगठी वाकली.

मग तो चेंडू. समोरचा फलंदाज एका बेटावरून आलेला, अगदी कोवळा, नुकतंच लग्न झालेलं. त्याने आधी दोनदा कोचचा चेंडू लांबवर भिरकावला होता. तिसऱ्यांदा कोचचा चेंडू आत गेला, हेल्मेटच्या खाली, गालाच्या हाडावर. मैदानभर ऐकू आला म्हणे तो आवाज.

"हातातून सुटला," कोच मला म्हणाला. "घाम होता."

मी लगेच गणित मांडलं. म्हटलं, म्हणून तू हेल्मेटच्या इतका मागे असतोस तर!

"हेल्मेट होतं की त्याच्या डोक्यावर," तो म्हणाला.

त्या मुलाचा एक डोळा गेला. तो पुन्हा खेळला नाही. कोच दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेला तेव्हा पट्ट्यांच्या आडून तो म्हणाला, खेळ आहे, चालायचंच. फोटोवाले तिथेच होते. पेपरात मोठं छापून आलं. "माझ्याशी कोणी भांडलंच नाही," कोच म्हणाला. "त्याचे वडील नाहीत, त्याचा संघ नाही. त्याच्या बायकोने मला कॉफी आणून दिली. मी ती प्यालो."

त्यानंतर पहिल्यांदा मैदानात उतरला, चेंडू टाकला, तो झेलणाऱ्याच्या डोक्यावरून प्रेक्षकांत गेला. दुसरा जमिनीत. तिसरा टाकताच आला नाही. हात वर जायचा आणि तिथेच थांबायचा, जणू दुसऱ्या कोणाचा हात आहे. डॉक्टर झाले, पाद्री झाला, संमोहनवाला झाला. ज्या गावांतून वर्षानुवर्षं चढत गेला होता, त्याच गावांतून तो एकेक करून खाली आला. तीच मैदानं, त्याच बस. शेवटच्या गावात घरमालकीण तीच होती जिच्याकडे तो सुरुवातीला राहिला होता. तिने ओळखलं नाही. मग एक दिवस दार बंद झालं. बायको आधीच गेली होती.

मानेचं झालं ते ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात इथे दुपारची बाहेरची कामं बंद असतात, म्हणून आम्ही पहाटेच कामाला लागायचो. अमवाजच्या एका इमारतीमागे समुद्राचं पाणी आत खेचणारा पंप आहे. त्याच्या जाळीत शेवाळ अडकतं, ते काढायचं होतं. पंप बंद केला होता. कोच खाली धक्क्यावर होता, माने पाण्यालगतच्या पायरीवर. मी आणि गावकर वर पंपाच्या खोलीपाशी. हवा इतकी दमट होती की श्वास घेतला तरी तोंड ओलं व्हायचं. मानेने लाइफ जॅकेट घातलं होतं, कोचने स्वतः त्याचे बंद आवळले होते. मध्येच कधीतरी मानेने ते काढून कठड्यावर ठेवलं.

शेवाळावर पाय गेला आणि तो पाण्यात पडला. ओहोटी लागली होती. बेटांमधल्या चिंचोळ्या तोंडातून पाणी ओढीने बाहेर जात होतं. मंगळवेढ्याचा माणूस, त्याला पोहणं कुठून येणार? तो ओरडला तेव्हा मी वळलो. धक्क्यावर लाल-पांढरी रिंग टांगलेली होती, लांब दोरी बांधलेली, बुडणाऱ्याकडे फेकायची. ती तिथे असावी म्हणून कोचनेच मालकांशी भांडण केलं होतं. कोच तिच्यापाशीच उभा होता. त्याने ती काढली. माने त्याच्यापासून एखाद्या दिवाणखान्याच्या लांबीवर हात मारत होता. कोच जिथून चेंडू टाकायचा त्याच्या निम्मंही ते अंतर नव्हतं.

मी धावत उतरत होतो, आणि मला दिसलं. त्याचा हात रिंग घेऊन मागे गेला, खांद्याच्या वर गेला, आणि थांबला. मी ओरडलो, "फेक!" गावकर ओरडला. माने कोचकडेच बघत होता. हात वर तसाच. कोचचं तोंड उघडं होतं आणि गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, एवढा जोर तो लावत होता. मानेचं डोकं खाली गेलं.

मग कोचने रिंग छातीशी धरली आणि उडी मारली.

आम्ही दोरी धरली. तो रिंग सोडून दोनदा खाली गेला, दुसऱ्यांदा मानेच्या शर्टाला धरून वर आला. आम्ही दोघांनाही ओढून घेतलं. कोचने धक्क्यावरच मानेच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांनी हात धरून बाजूला करेपर्यंत तो थांबला नाही. हॉस्पिटलात नेईपर्यंत माने गेला होता.

चौकशी झाली. जॅकेट कठड्यावर सापडलं, पायरी निसरडी होती, सेफ्टी मॅनेजरने जिवाची पर्वा न करता उडी घेतली. मला विचारलं तेव्हा मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं, हात थांबला होता हेही. लिहून घेणारा म्हणाला, गोंधळात माणूस क्षणभर थबकतोच. कोचने स्वतःही हात थांबल्याचं सांगितलं होतं, पण कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. साठीचा माणूस दुसऱ्याच्या पोरासाठी समुद्रात उडी मारतो, एवढंच सगळ्यांना दिसत होतं.

कंपनीने कॅन्टीनमध्ये त्याचा सत्कार ठेवला. आमच्या मराठी मंडळींनी कुठूनशी शाल आणि नारळ आणला. कोचला काय चाललंय ते कळेपर्यंत शाल खांद्यावर पडली होती. जनरल मॅनेजरने माइक त्याच्या हातात दिला आणि मला हिंदीत सांगायला शेजारी उभं केलं.

"मी रिंग फेकली नाही," कोच म्हणाला. "मला फेकता आली नाही. फेकली असती तर तो जगला असता."

मी जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. कॅन्टीनमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आमचा अकाउंटंट, पुण्याचा, माझ्या कानाशी म्हणाला, "काय मोठेपणा आहे बघा! आपल्याकडे कोणी असं बोलेल?"

कोचने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, या वेळी मोठ्याने. पुन्हा टाळ्या. त्याने माइक टेबलावर ठेवला, शाल काढून घडी केली, नारळावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. बुडताना मानेने ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं होतं, तसंच काहीसं होतं ते.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मानेचा भाऊ इथे आहे ना? मला त्याच्याकडे घेऊन चल. आणि मी बोलेन ते त्याच्या भाषेत सांग. मऊ करू नकोस."

मानेचा थोरला भाऊ हमद टाउनमध्ये एका खुबूसच्या, म्हणजे अरबी रोट्यांच्या बेकरीत काम करायचा. बेकरीच्या मागे खोली होती, पाच-सहा जणांची. आम्ही गेलो तेव्हा तो एकटा होता, पिठाने माखलेले हात तसेच. गावी मयत पोहोचवून नुकताच परत आला होता, डोकं भादरलेलं. त्याने आम्हाला पलंगावर बसायला जागा दिली. कोच बसला नाही. तो उभ्याने बोलला आणि मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. रिंग माझ्या हातात होती. तुझा भाऊ जवळ होता. माझ्याकडे बघत होता. मी फेकली नाही. मी उडी मारली तेव्हा उशीर झाला होता.

भाऊ आधी कोचकडे बघत होता, मग माझ्याकडे बघायला लागला.

"तुमी सवता बघितलं?"

"हो."

"ह्यो उबा ऱ्हायला? रिंग घिऊन?"

"हो. त्याचा हात चालला नाही. पूर्वी त्याच्या हातून एक माणूस जायबंदी झाला होता, तेव्हापासून त्याला काही फेकता येत नाही."

"मग त्या कामावर कशाला ऱ्हायचं मानसानं?"

मी ते कोचला सांगितलं. कोच म्हणाला, "बरोबर आहे. ठेवू नये मला."

"टाकली असती तर वाचला असता का माझा भाऊ?"

मी म्हटलं, "ते कोणालाच सांगता येणार नाही."

कोचने मला विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. तो म्हणाला, "वाचला असता म्हणून सांग त्याला."

मी सांगितलं. भाऊ बराच वेळ हाताचं वाळलेलं पीठ नखाने काढत राहिला. बेकरीतून गरम रोटीचा वास येत होता, पलीकडे कोणीतरी अरबीत ओरडून ऑर्डर देत होतं.

"गावाकडं समदे म्हनले, गोरा सायेब देवमानूस हाय," शेवटी तो म्हणाला. "आयनं सांगितलं, त्याच्या पाया पडून ये माझ्या वतीनं." त्याचा आवाज चढला. "सांगा ह्यास्नी. मी पाया पडनार न्हाई. आन् माफ बी करनार न्हाई. आज न्हाई, कदीच न्हाई. सांगा."

मी सांगितलं, एकही शब्द न बदलता.

कोच ताठ उभा राहिला. मला वाटलं आता कोसळेल. पण तसं झालं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "थँक यू," तो म्हणाला.

तेवढे शब्द भावाला कळत होते. तो उसळून उठला. "थँक्यू कशाचं? ह्यास्नी कळलं न्हाई व्हय मी काय म्हनलो?"

"कळलंय," मी म्हणालो. "त्याला कळलंय."

भावाने दार उघडून धरलं. आम्हाला त्याने पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबर होतं.

मी गाडी काढली. एकामागून एक राउंडअबाउट मागे जात होते. मग कोच सहज बोलावं तसं म्हणाला, "तो चेंडू हातातून सुटला नव्हता."

मी गाडी बाजूला घेतली.

"मला मॅनेजरने सांगितलं होतं, त्याला जरा घाबरव. अंगाजवळ टाक. घाबरवायचं तर छातीजवळ टाकतात. मी वर टाकला. त्याने मला दोनदा मारलं होतं, मला राग होता. चेंडू कुठे जाणार ते मला तो सोडायच्या आधी माहीत होतं." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "सगळ्यांनी मला माफ केलं ना, ते चेंडू सुटला म्हणून. खरी गोष्ट मी कोणाला सांगितलीच नव्हती. तेव्हा बोललो असतो तर कोणीतरी मला दोन शिव्या तरी घातल्या असत्या."

महिनाभरात त्याने नोकरी सोडली. मी आणि गावकर त्याला विमानतळावर सोडायला गेलो. घरी नाही, तो त्या बेटावर चालला होता, फलंदाजाच्या गावी. पत्ता त्याने कुठून कुठून मिळवला होता. गावकरने त्याला मालवणी खाज्याचं पाकीट दिलं आणि मान फिरवून डोळे पुसले. कोचने आमच्याशी हात मिळवला. पहिल्यांदाच त्याने माझा हात घट्ट धरला.

त्याचा फोन आला तो काही आठवड्यांनी. आवाज फार लांबून येत होता, मागे कोंबडे ओरडत होते.

"भेटला?" मी विचारलं.

"भेटला. फाटकापाशी आला. आता नातवंडं आहेत त्याला. मी सांगितलं, मुद्दाम टाकला होता."

"मग?"

"म्हणाला, मला माहीत होतं. चेंडू येत होता तेव्हा मी तुझा चेहरा बघत होतो."

"मग तेव्हा माफ कसं केलं त्याने?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाला, मी पोरगा होतो, समोर फोटोवाले होते आणि मला वाटत होतं की डोळा बरा होईल. मग फाटक लावून आत गेला."

"आता तू काय करणार?"

"इथे एक खोली मिळाली आहे," कोच म्हणाला. "मी दिसलो की तो रस्ता बदलतो. चांगलंय." आणि लाइन तुटली. त्यानंतर फोन आला नाही. मी केला तो लागला नाही.

मानेचा भाऊ अजून त्याच बेकरीत आहे. हमद टाउनला काम असलं की मी तिथून रोट्या घेतो. तो माझ्याशी फारसं बोलत नाही, रोट्या कागदात गुंडाळून पुढे करतो. गेल्या शुक्रवारी गर्दी नव्हती. भट्टीकडे तोंड करूनच त्याने विचारलं, "ते तुमचं गोरं सायेब हायेत का हितं?"

"नाही," मी म्हटलं. "गेला तो. लांब असतो आता."

"जित्तं हायेत न्हवं?"

"असेल. आहे."

त्याने लांब उलथन्याने भट्टीतली रोटी उलटवली, फुगेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

"असू द्या जित्तं," तो म्हणाला.